शब्द टाकू का?
निवड चाचणी आणि पालक : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

किशोर गटातल्या हॉकीच्या निवडीबद्दल पालक, प्रशिक्षक, एका क्लबचे सचिव आणि एक खेळाडू यांनी विचारलेले प्रश्न या अंकात घेतले आहेत. उत्तरे प्रशिक्षणात आणि निवड समित्यांवर काम करणाऱ्यांनी मिळून दिली आहेत. हॉकी म्हणजे इथे टर्फवरची, अकरा जणांची हॉकी.

प्रश्न : मुलगी १४ वर्षांखालील गटात मधल्या फळीत खेळते. निवड चाचणी तीन आठवड्यांवर आली आहे. निवड समितीतले एक गृहस्थ आमच्या चांगल्या ओळखीचे आहेत. ‘जरा लक्ष असू द्या’ एवढाच शब्द टाकायला काय हरकत आहे? बाकीचे टाकतातच.

उत्तर : हरकत आहे, आणि नीतीचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला तरी आहे. १८ जणींचा संघ निवडायचा असेल तर पहिली दहा-बारा नावे समितीतल्या सगळ्यांच्या कागदावर सारखीच असतात. त्या नावांसाठी कोणी फोन करत नाही. फोन येतात ते शेवटच्या तीन-चार जागांसाठी, जिथे सहा-सात मुली जवळपास एकाच तोलाच्या असतात. आता तुमचा फोन गेला असे धरा. ते गृहस्थ सरळ असतील तर तुमच्या मुलीच्या बाजूने बोलताना त्यांची जीभ अडखळणार. ‘ओळखीची घेतली’ असे कोणी म्हणू नये म्हणून त्या सहा-सात जणींतून ते नेमके तिलाच बाजूला ठेवू शकतात, आणि तुम्हाला ते कधी कळणारही नाही. सरळ नसतील, तर तुमच्यापेक्षा वजनदार शब्द कोणाचा ना कोणाचा असतोच.

बोलायचेच असेल तर आयोजकांशी बोला. चाचणीच्या आधी, लेखी, आणि उत्तर सगळ्याच पालकांना कळेल अशा रीतीने विचारा : एकूण जागा किती, त्यांत गोलरक्षक किती, प्रत्येक मुलीला किमान किती मिनिटे खेळायला मिळतील, ती तिच्या नेहमीच्या जागेवर खेळेल की दुसरीकडेही, गुण कशाकशाला, त्या दिवशी आजारी किंवा जायबंदी असलेल्या मुलीचे काय. हेच प्रश्न यादी लागल्यानंतर विचारले की कुरकुर वाटते. आधी विचारले की आयोजकांना उत्तरे ठरवून ठेवावी लागतात.

राहिलेल्या तीन आठवड्यांत नवी स्टिक घेऊन देऊ नका. ही चूक इतके पालक करतात की सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्टिकचा बो, म्हणजे दांडीचा वाक, नियमाने जास्तीत जास्त २५ मिलिमीटर असू शकतो. तो खाली, चेंडूला लागणाऱ्या टोकाकडे असलेली स्टिक ड्रॅग फ्लिकला (चेंडू स्टिकला लावून ओढत नेऊन जोरात फेकण्याला) सोयीची पडते. पण त्या स्टिकने नेहमीचा हिट, म्हणजे स्टिक फिरवून फटका, मारताना चेंडू उडतो, आणि सवय व्हायला महिनाभर तरी लागतो. मधल्या फळीतल्या मुलीचे निम्मे काम सपाट, जमिनीलगतच्या पासचे. चाचणीत तिचे पास गुडघ्याएवढे उडू लागले, तर दोष स्टिकचा की तिचा हे तपासत बसायला कोणाला वेळ नसतो.

निवडणारे तिच्या खेळात काय पाहतात, तर चेंडू यायच्या आधी तिची मान वळते का. पास निघाल्यापासून स्टिकवर येईपर्यंत सेकंदभर मिळतो. त्यात खांद्यावरून मागे एकदा नजर टाकली असेल तर चेंडू घेतानाच तिचे शरीर योग्य बाजूला उघडलेले असते. नसेल तर ती चेंडू थांबवते, मग वर बघते, आणि तोवर अंगावर प्रतिस्पर्धी आलेली असते. नेमक्या त्याच सेकंदाला दोरीपलीकडून तुम्ही ‘मार! मार!’ ओरडलात की तिची नजर तुमच्याकडे जाते. समितीला तुमचा आवाजही ऐकू जातो आणि तिची न वळलेली मानही दिसते.

प्रश्न : मुलाचे नाव यादीत नाही. त्याच्या जागी जो घेतला आहे त्याला फक्त ड्रॅग फ्लिक येते, बाकी पळणे यथातथाच. त्याच्या वडिलांनी क्लबला गोलरक्षकांची दोन पूर्ण किट दिली आहेत. याला निवड म्हणायचे का?

उत्तर : यात दोन गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत. आधी सोडवून घेऊ.

हॉकीत खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात. पण पेनल्टी कॉर्नर (बचाव करणाऱ्यांची गोलजवळ चूक झाली की बहुधा हल्ला करणाऱ्यांना मिळणारी गोलची संधी) मिळाल्यापासून तो संपेपर्यंत बदली करता येत नाही. बचाव करणाऱ्या गोलरक्षकाला दुखापत झाली किंवा तो निलंबित झाला तरच सवलत आहे. म्हणजे कॉर्नर घेणारा तो मिळण्याच्या क्षणी मैदानात असावा लागतो. बाकावरून त्याला तेवढ्यापुरता बोलावता येत नाही. शिवाय कॉर्नरवरचा पहिला फटका हिट असेल, तर चेंडू गोलच्या तळाशी असलेल्या ४६० मिलिमीटर उंचीच्या फळीपेक्षा वर जाऊन गोलरेषा ओलांडू शकत नाही. फ्लिकला ती मर्यादा नाही, २.१४ मीटर उंचीचा पूर्ण गोल तिच्यासाठी मोकळा असतो. त्यामुळे चांगल्या फ्लिकरसाठी प्रशिक्षक एक जागा राखतात आणि त्याचे संथ पाय सांभाळून घेतात. हा निर्णय तुम्हाला पटणार नाही, पण त्याला खेळातले कारण आहे.

किटचा प्रश्न खरा आहे, पण तो तुमच्या मुलाच्या खेळाचा नाही. तो क्लबच्या कार्यकारिणीपुढे सर्वांसाठी मांडा : निवडीच्या काळात देणगी घ्यायची की नाही? या मुलाचे नाव घेऊन मांडलात तर ती तुमची खुन्नस ठरते आणि मुद्दा मातीत जातो.

आता प्रशिक्षकांशी बोलण्याबद्दल. यादी लागल्यावर २४ तास काहीही पाठवू नका; रात्री अकराला लिहिलेला निरोप सकाळी दहाला तुम्ही स्वतःच खोडता. नंतर चार ओळींचा एकच निरोप. त्यात दोनच गोष्टी विचारा : ‘याच्या खेळात यादीत येण्यासाठी कमी पडलेल्या दोन बाबी कोणत्या? पुढच्या चाचणीपर्यंत त्या सुधारल्या की नाही हे कशावरून ओळखायचे?’ दुसऱ्या मुलाचे नाव त्यात येता कामा नये. बैठक ठरली तर मुलाला सोबत न्या आणि पहिला प्रश्न त्याला विचारू द्या. ‘अजून जोर हवा’ असे गोल उत्तर मिळाले तर ‘चेंडू गेल्यावर परत पळण्यात की अंगावर जाण्यात?’ असा उलट प्रश्न करायला संकोचू नका.

प्रश्न : क्लबचा सचिव आहे. दर वर्षी निवडीनंतर महिनाभर भांडणे. चाचणी अशी घेता येईल का, की शब्द टाकायला जागाच उरणार नाही?

उत्तर : जागा अगदी शून्य होत नाही, पण बरीच आवळता येते. वशिला शिरतो तो ठरावीक फटींतून : थोडा वेळ पाहिलेला खेळ, तोंडी ठरलेले निकष, आणि बंद खोलीत सगळ्यांनी मिळून दिलेले गुण.

वेळेपासून सुरुवात करा. समजा ४२ मुले आहेत, ३६ मैदानी आणि ६ गोलरक्षक. सहा-सहा मैदानी खेळाडू आणि एक गोलरक्षक असे सहा चमू करा. ९१.४ बाय ५५ मीटरचे टर्फ मधल्या रेषेवर दोन भागांत वाटा, म्हणजे एका वेळी चार चमू खेळतील. प्रत्येक चमूला १२ मिनिटांचे तीन सामने द्यायचे तर एकूण नऊ सामने होतात. मधली तीन मिनिटे धरून १५ मिनिटांच्या पाच फेऱ्यांत, सव्वा तासात आटोपते. दुसऱ्या दिवशी चमू मोडून नव्याने पाडा आणि पुन्हा तीन सामने. प्रत्येक मुलगा ७२ मिनिटे डोळ्यांखालून जातो. चमू न मोडता दोन्ही दिवस तेच ठेवले तर दुबळ्या चमूतला चांगला बचावपटू दिवसभर नुसता हल्ले परतवताना दिसतो, आणि बलवान चमूतला मध्यम आघाडीवीर आयते गोल मारून नजरेत भरतो. अकरा विरुद्ध अकरा खेळ तिसऱ्या दिवशी, २२-२४ जण उरल्यावर. पहिल्याच दिवशी पूर्ण मैदानावर सामना लावला तर कडेच्या मुलाच्या स्टिकला दहा-दहा मिनिटे चेंडू लागत नाही आणि समिती त्याच्या उंचीवरून मत बनवते.

बिबवर, म्हणजे चाचणीपुरत्या वरून घालायच्या बनियनवर, नावे नकोत, क्रमांक हवेत. आणि ते क्रमांक जन्मतारखेच्या क्रमाने द्या. सर्वांत मोठ्याला १, सर्वांत लहानाला ४२. यामागे कारण आहे. संशोधक रॉजर बार्न्स्ली आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये कॅनडातल्या आइस हॉकीपटूंच्या जन्मतारखा मांडल्या, तेव्हा वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी दिसली, कारण वयोगटाची तारीख १ जानेवारी होती. जानेवारीचा मुलगा डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळपास वर्षाने मोठा असतो, आणि ते मोठेपण गुणवत्ता म्हणून खपते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फुटबॉलवरच्या एका अभ्यासात निवडकर्त्यांच्या हातात नुसत्या जन्मतारखा देऊन हा कल गेला नाही. जर्सीचे क्रमांकच वयाच्या क्रमाने दिल्यावर मात्र तो दिसेनासा झाला. ३८ क्रमांकाचा मुलगा ४ क्रमांकाच्या मुलाला तोडीस तोड खेळत असेल तर ते पाहणाऱ्याच्या लगेच ध्यानात येते. क्रमांक सकाळी मैदानावरच द्या आणि समितीचे फोन तेव्हाच जमा करून घ्या. नाहीतर ‘आमचा सतरा नंबर’ हा निरोप पहिल्या फेरीआधीच पोहोचतो.

निवडणारे तिघे असावेत आणि तिघे तीन ठिकाणी उभे राहावेत, एक बाजूरेषेवर, एक गोलमागे, एक वर गॅलरीत. तिघे चहा घेत एकत्र उभे राहिले की पहिल्या बोलणाऱ्याचे मत तिघांचे होते. गोलरक्षकांना वेगळा परीक्षक द्या, शक्यतो स्वतः गोलरक्षक राहिलेला. गुण १ ते ५, बाबी चारच : चेंडू घेणे, दबावाखाली निर्णय, चेंडू नसतानाचे काम आणि त्या जागेचे खास कौशल्य. ‘वृत्ती’ किंवा ‘शिस्त’ नावाचा रकाना काढून टाका. आमच्या मते वशिल्याचा हा राजरस्ता आहे, कारण तिथे ५ दिले काय नि २ दिले काय, कोणालाही जाब द्यावा लागत नाही. वृत्ती पाहायचीच असेल तर मोजता येईल असे काही पाहा, जसे की चेंडू गमावल्यावर पहिल्या पाच सेकंदांत मुलगा परत वळला का. हे किती वेळा झाले याच्या रेघा मारता येतात.

तिघांनी आपापले कागद सही करून सचिवांकडे दिल्याशिवाय चर्चा सुरू होऊ देऊ नका. मग तिघांच्याही कागदावर असलेली नावे बाजूला काढा, त्यांवर बोलायचे कारण नाही. उरलेल्या तीन-चार जागांवर हवा तितका वेळ घाला. प्रत्येक जागेसाठी घेतलेल्या आणि थोडक्यात राहिलेल्या मुलाबद्दल दोन-दोन ओळी कारण लिहा. राखीव खेळाडूंचा क्रमही त्याच बैठकीत लिहून टाका. तो मोकळा राहिला तर कोणी जायबंदी होताच फोनांची दुसरी लाट येते.

ज्याचे मूल किंवा नात्यातले कोणी त्या वयोगटात आहे त्याने ‘आपल्या मुलाचे नाव आले की बाहेर जातो’ असे म्हणून भागत नाही. जागा मोजक्या असल्याने दुसऱ्यांच्या मुलांना दोन-दोन गुण कमी दिले तरी आपल्याला हवे ते होते. अशा सदस्याने तो पूर्ण वयोगटच सोडावा.

यादी सर्वांना एकाच मिनिटाला पाठवा, रविवारी सकाळी पाठवलीत तर उत्तम. तक्रारीला तीन दिवस द्या, आणि तीही फक्त पद्धतीबद्दल : ठरलेली मिनिटे मिळाली नाहीत, वयोगट चुकला, नात्यातला सदस्य बसला. ‘आमचा जास्त चांगला आहे’ ही तक्रार घेतली जाणार नाही, हे सूचनापत्रात आधीच छापा. देणगी आणि भेटवस्तू सूचनापत्र निघाल्यापासून यादी लागून महिना होईपर्यंत बंद. एरवीही त्या क्लबच्या नावे आणि पावतीवर.

प्रश्न : निवड समितीतले एक सर खासगी वर्ग चालवतात. ‘तिथे घातले नाही तर नाव येत नाही’ असे सगळे म्हणतात. घालावे का?

उत्तर : वर्ग चांगला असेल आणि मुलाला हवा असेल तर घाला, पण नावासाठी घालू नका. ‘सगळे म्हणतात’ हे एकदा तपासून पाहा. मागच्या दोन वर्षांच्या याद्या घ्या. त्यांतली किती मुले त्या वर्गातली होती, आणि त्या वर्गातली किती मुले यादीत आली नाहीत, दोन्ही मोजा. लोक पहिलाच आकडा सांगतात. चांगले प्रशिक्षक असले की चांगली मुले आपोआप तिकडे जातात, त्यामुळे तो एकटा आकडा फसवा असतो.

तरीही शुल्क घेऊन शिकवणाऱ्याने स्वतःच्या विद्यार्थ्यांना गुण देणे चूकच, मग ते सर कितीही सरळ असोत. दहा-बारा पालकांनी सह्या करून आयोजकांना एवढेच लिहावे, की स्वतःचे विद्यार्थी असलेल्या वयोगटात कोणीही परीक्षक म्हणून बसू नये. कोणावरही आरोप न करणारे पत्र दाबणे अवघड जाते.

प्रश्न : मुलाच्या खेळाची तीन मिनिटांची चित्रफीत करून समितीला पाठवली तर?

उत्तर : न मागता पाठवू नका. मागितली असेल तर निवडक गोलांची माळ नको. एका सामन्याची सलग दोन सत्रे, म्हणजे ३० मिनिटे, न कापता द्या; कॅमेरा मधल्या रेषेवर, उंचावर, आणि चेंडू दूर असतानाही मुलगा चौकटीत दिसेल असा. समितीला चुकलेला पास दिसतो आणि त्यानंतर मुलाने काय केले तेही दिसते. त्या दुसऱ्या गोष्टीला बहुधा जास्त भाव असतो. पार्श्वसंगीत तर मुळीच नको.

प्रश्न : मुलगा डिसेंबरचा, अंगाने लहान. दाखल्यावरचे वय ‘थोडे सरकवून’ खालच्या गटात खेळवा असे जवळचे लोक सुचवतात.

उत्तर : करू नका. पकडले गेल्यावर बंदी मुलावर येते, सुचवणाऱ्यांवर येत नाही. मनगटाच्या क्ष-किरणांवरून हाडांचे वय पाहतात, त्या अंदाजात वर्षभराचा फरक पडू शकतो हे खरे. पण शाळेची नोंद, पारपत्र आणि दाखला यांचा मेळ बसला नाही की प्रकरण तिथेच उघडे पडते.

खेळाचे नुकसान त्याहून मोठे. लहान मुलांत खेळून तो ताकदीवर चेंडू काढायला शिकतो. मुलांची उंची झपाट्याने वाढण्याचा काळ साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास असतो, कोणाचा वर्षभर आधी, कोणाचा नंतर. बाकीचे वाढले की त्याच्याकडे उरते काय? उशिरा वाढणाऱ्या मुलाला खऱ्या गटातच खेळवा, कमरेच्या हाडापर्यंत येईल एवढीच स्टिक द्या (उद्या उंची वाढेल म्हणून लांब स्टिक घेतली तर तो पाठ सरळ ठेवून खेळतो आणि चेंडू पायांत घेतो), आणि आयोजकांना जन्मतारखेनुसार क्रमांक द्यायला सांगा.

प्रश्न : मी १५ वर्षांची आहे, राइट हाफ खेळते. माझी निवड झाली, पण बाबा दर सामन्यानंतर सरांशी माझ्या मिनिटांबद्दल बोलतात. आता संघातल्या मुली मला पास देत नाहीत. बाबांना कसे सांगू?

उत्तर : पास न येण्याचे कारण तू ओळखले आहेस. त्या तुला टाळतात, कारण तुझी जागा कोणीतरी मागून घेतली असे त्यांना वाटते. ते खोटे असेलही. पण दर सामन्यानंतर बाबा सरांच्या बाजूला उभे दिसले की त्यांना तेच खरे वाटणार.

बाबांना सामन्याच्या दिवशी सांगू नकोस. मधल्या एखाद्या दिवशी सांग, आणि आकडेमोड घेऊन बस. सामना १५ मिनिटांच्या चार सत्रांचा, म्हणजे ६०. गोलरक्षक सोडून मैदानात दहा जणी, म्हणजे वाटायला ६०० मिनिटे. १८ जणींच्या संघात दोन गोलरक्षक धरले तर मैदानी खेळाडू १६. प्रत्येकीच्या वाट्याला सरासरी साडेसदतीस मिनिटे येतात. तुझी मिनिटे पुढचे तीन सामने तूच वहीत लिही. सरासरी पस्तीसच्या आसपास आली तर बाबांचा हिशोब चुकतो आहे. वीसच्या खाली राहिली तर सरांशी तू बोल, सरावाच्या आधी, एकटी, वही हातात घेऊन : ‘सर, जास्त मिनिटांसाठी मी आधी काय सुधारू?’

बाबांना मैदानावर काम हवेच असेल तर एक दे. लांबच्या गोलमागे उभे राहून, चेंडू येण्याआधी तू किती वेळा मागे वळून पाहिलेस तेवढे त्यांनी मोजायचे आणि घरी आल्यावर आकडा सांगायचा. तिथून सरांचा बाक शंभरेक पावले लांब पडतो.